आरामदायी हेल्मेट कुणाच्या डोक्यासाठी? एका साध्या वस्तूचा इतिहास वाचताना

रविवारी सकाळी तासभर सायकल चालवायची, शर्यत नाही, घाई नाही. त्यासाठी आरामदायी हेल्मेट कसं निवडायचं? प्रश्न खरं तर सायकलच्या दुकानात विचारायचा. पण माझं संशोधन वस्तूंच्या इतिहासावर आहे, आणि पेट परीक्षेची तयारी करणारे बरेच वाचक मला नेहमी एकच विचारतात: 'संशोधनाचा प्रश्न सापडतो कुठे?' म्हणून या वेळी हीच वस्तू घेऊया. शेवटी हेल्मेट कसं घ्यायचं तेही येईल. आधी मात्र इतिहास.

पहिल्यांदा शब्दांची भानगड. आपल्याकडे 'बाईक' म्हणजे मोटारसायकल. अमेरिकेत 'बाईक' म्हणजे मुख्यतः सायकल. कायदाही असाच दुभंगलेला आहे. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ मोटारसायकलस्वाराला हेल्मेट घालायला लावतं, सायकलस्वाराबद्दल ते काही बोलत नाही. पुण्यात हेल्मेटसक्ती म्हटलं की ज्या चर्चा (आणि भांडणं) सुरू होतात त्या सगळ्या दुचाकी गाड्यांच्या. तेव्हा साहित्याचा आढावा घेताना नुसता 'बाईक हेल्मेट' हा शब्द टाकून शोधलंत तर दोन वेगळ्या वस्तूंचे कागद एकाच ढिगात येतील. गंमत अशी की हे दोन ढीग पूर्ण वेगळेही करता येत नाहीत. सायकलच्या हेल्मेटचा जन्म मोटारसायकलच्या हेल्मेटमधूनच झाला.

सायकलवर डोकं आपटतं हे लोकांना १८८० च्या दशकापासून माहीत होतं. पुढचं चाक पुरुषभर उंच, त्यावर माणूस बसलेला. दगड लागला की तो थेट हँडलवरून तोंडघशी पडायचा. त्या काळातले काही स्वार भेंडाच्या टोप्या घालत असं सांगितलं जातं. भेंड म्हणजे तेच, ज्याची आपल्याकडे बाशिंगं करतात आणि ज्याची साहेबी सोला हॅट बनायची. हलकं, ठिसूळ, दाबलं की चुरडणारं. पुढे शर्यतीत चामड्याच्या पट्ट्यांची जाळी आली. पट्ट्यांच्या आत थोडी भरणी आणि मधे मोकळी हवा. डोकं खरचटण्यापासून वाचायचं, आपटण्यापासून फारसं नाही. पण ती जाळी आरामदायी होती, घडी करून खिशात मावायची. पुढची पन्नासेक वर्षं ती टिकली ती बहुधा यामुळेच.

आता मोटारसायकलकडे. १३ मे १९३५ ला इंग्लंडमधल्या डॉर्सेट भागात टी. ई. लॉरेन्स, म्हणजे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया', आपल्या मोटारसायकलवरून येत होता. समोर सायकलवरची दोन मुलं आली, त्यांना वाचवायला त्याने गाडी वळवली आणि तो फेकला गेला. डोक्यावर काही नव्हतं. १९ मे रोजी तो गेला. त्याला बघायला बोलावलेल्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स हा मेंदूचा शल्यविशारद होता, मूळचा ऑस्ट्रेलियाचा. याच केर्न्सने पुढे १९४१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या इजा आणि हेल्मेट यांवर लेख लिहिला. हेल्मेटचा जवळजवळ प्रत्येक लोकप्रिय इतिहास इथूनच सुरू होतो: प्रसिद्ध माणूस मेला, डॉक्टर हळहळला, हेल्मेट आलं.

गोष्ट छान आहे आणि तिथेच थोडं थांबायला हवं. १९३५ आणि १९४१ च्या मधे सहा वर्षं आहेत आणि त्यांत एक महायुद्ध सुरू झालं आहे. ब्लॅकआऊटमुळे रस्ते अंधारात, आणि लष्कराचे निरोप घेऊन मोटारसायकलवर धावणारे हजारो कोवळे जवान. केर्न्सने आकडा दिला: युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत २,२७९ मोटारसायकलस्वार आणि मागे बसलेले लोक रस्त्यावर मेले. एका माणसाच्या मृत्यूपेक्षा हा आकडा लष्कराला जास्त बोलका वाटला असणार. लॉरेन्सचा प्रसंग केर्न्सच्या मनात राहिला असेलही. पण 'यामुळे ते घडलं' असं वाक्य लिहिण्याआधी मधल्या वर्षांचा हिशोब द्यावा लागतो. व्हायवाला बाहेरचे परीक्षक नेमकं हेच विचारतात.

त्याच लेखात आणखी एक गोष्ट आहे. हेल्मेट घालून अपघात झालेले फक्त सात जण केर्न्सच्या पाहण्यात आले होते आणि सातही जण वाचले होते. सात! आज कुणी सात जणांवर निष्कर्ष काढला तर गाईड सिनॉप्सिस परत पाठवतील. शिवाय जो जागीच जातो तो मेंदूच्या डॉक्टरपर्यंत पोचत नाही, म्हणजे सातांत न दिसलेले आठवे-नववे कुठे होते, हाही प्रश्न उरतोच. तरीही त्याचा अंदाज बरोबर दिशेने होता. नोव्हेंबर १९४१ मध्ये ब्रिटिश लष्कराने ड्युटीवरच्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. साध्या नागरिकांना ब्रिटनमध्ये ते सक्तीचं व्हायला १९७३ साल उजाडावं लागलं. म्हणजे पुरावा समोर होता आणि तो पचायला बत्तीस वर्षं गेली.

केर्न्सच्याच ऑक्सफर्डच्या गटात ए. एच. एस. होलबोर्न नावाचा एक पदार्थविज्ञानवाला होता. १९४३ मध्ये त्याने 'लॅन्सेट'मध्ये मांडलं की मेंदूला सरळ धक्क्यापेक्षा डोकं झटकन फिरल्यामुळे होणारी इजा जास्त घातक असते. त्याने मेंदूच्या जागी जिलेटिन वापरून प्रयोग केले होते. हे नाव लक्षात ठेवा. पुढची पन्नास वर्षं हेल्मेट बनवणाऱ्यांनी ते लक्षात ठेवलं नव्हतं.

युद्धानंतर चित्र अमेरिकेत सरकलं. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या लोम्बार्ड आणि रॉथ या दोघांना १९५३ मध्ये एका हेल्मेटचं पेटंट मिळालं. त्याची कल्पना साधी होती: बाहेर कडक कवच आणि आत असा थर जो धक्क्याने चुरडतो आणि परत फुगत नाही. १९५६ मध्ये पीट स्नेल हा मोटार शर्यतींचा स्वार शर्यतीत गेला. त्याच्या मित्रांनी १९५७ मध्ये त्याच्या नावाने संस्था काढली. हेल्मेट तपासायचं, मानकं ठरवायची, हे तिचं काम. याच स्नेल संस्थेने १९७० मध्ये सायकलच्या हेल्मेटसाठी पहिलं मानक काढलं. पण ते इतकं कडक की त्यात पास व्हायला जवळजवळ मोटारसायकलचंच हेल्मेट लागायचं. पायडल मारून घामाघूम झालेला माणूस ते कशाला घालेल? मानक कागदावर राहिलं. सायकल हेल्मेटच्या इतिहासात 'आराम' पहिल्यांदा दिसतो तो असा, एका अपयशाचं कारण म्हणून.

आणि नेमकं याच सुमारास अमेरिकेत सायकलचं वेड पसरलं. १९७३ साली तिथे सुमारे दीड कोटी सायकली विकल्या गेल्या. घेणारे फक्त पोरंटोरं नव्हती, मोठी माणसं होती, हौसेने आणि व्यायामासाठी चालवणारी. शर्यतवाले नव्हेत. आजच्या भाषेत आपल्यासारखे रविवारवाले. या लोकांना चामड्याची जाळी म्हणजे सोंग वाटायचं आणि मोटारसायकलचं हेल्मेट म्हणजे भट्टी. गिर्यारोहकांची हेल्मेटं सायकलवर वापरून पाहिली गेली. मग १९७५ मध्ये मोटारस्पोर्टची हेल्मेटं बनवणाऱ्या बेल कंपनीने 'बेल बाईकर' बाजारात आणलं. बाहेर कडक प्लॅस्टिकचं कवच, आत एक्सपांडेड पॉलिस्टायरीन.

हे भारदस्त नाव ऐकून घाबरू नका. एक्सपांडेड पॉलिस्टायरीन म्हणजे आपलं थर्माकोल. गणपतीच्या मखराचं, टीव्हीच्या खोक्यातलं. फक्त दाट आणि नेमक्या घनतेचं बनवलेलं.

थर्माकोल डोकं कसं वाचवतं याचा हिशोब अकरावीच्या पदार्थविज्ञानाचा आहे आणि तो एकदा स्वतः करून बघण्यासारखा आहे. दोन मीटरवरून पडलं की जमिनीला टेकताना वेग साधारण ६.२ मीटर प्रतिसेकंद होतो. हा वेग शून्यावर आणायला किती अंतर मिळतं यावर सगळं अवलंबून असतं. दोन सेंटिमीटर मिळालं आणि वेग एकसारखा कमी होत गेला तर डोक्यावर गुरुत्वाकर्षणाच्या साधारण १०० पट त्वरण येतं. अंतर दोनच मिलिमीटर मिळालं तर जवळजवळ हजारपट. म्हणजे हेल्मेट अडवतं असं म्हणण्यापेक्षा ते थांबायला जागा देतं असं म्हणणं बरोबर. प्रत्यक्षात थर्माकोल इतकं आदर्श वागत नाही, पण तत्त्व हेच. आणि एकदा चुरडलेलं थर्माकोल पुन्हा जागा देऊ शकत नाही. म्हणून अपघात झालेलं हेल्मेट वरून कितीही धड दिसलं तरी टाकून द्यायचं असतं.

इथेच आरामाशी खटका उडतो. जागा हवी म्हणजे जाडी हवी, आणि जाडी म्हणजे उकाडा. भोकं पाडली तर हवा येते, पण चुरडायला माल कमी उरतो. मग उरलेलं थर्माकोल जास्त घट्ट करावं लागतं. घट्ट थर्माकोल मोठ्या धक्क्यात आपलं काम करतं, पण छोट्या धक्क्यात चुरडतच नाही. म्हणजे जितकी जास्त भोकं तितकं हेल्मेट चांगलं, हे दुकानातलं गणित अर्धंच खरं. भोकांची किंमत कुठेतरी मोजलेली असते.

१९८४ मध्ये अमेरिकेत सायकल हेल्मेटचं राष्ट्रीय मानक आलं, झेड ९०.४ या क्रमांकाचं. स्नेलनेही त्याच वर्षी आपलं मानक नव्याने काढलं. १९८६ पासून तिथल्या सायकल शर्यतींच्या संघटनेने चामड्याची जाळी बंद करून मानकातलं हेल्मेट सक्तीचं केलं. युरोपचं ईएन १०७८ हे मानक १९९७ चं, आणि अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाचं, ज्याला सीपीएससी म्हणतात, ते १० मार्च १९९९ पासून लागू झालं. तारखांची ही जंत्री मी मुद्दाम झरझर सांगून टाकली, कारण मला महत्त्वाचं वाटतं ते या मानकांच्या आत काय आहे ते.

सीपीएससीच्या चाचणीत धातूचं डोकं हेल्मेटमध्ये घालून दोन मीटरवरून सपाट ऐरणीवर पाडतात. आत मोजलेलं त्वरण ३०० पटींच्या खाली राहायला हवं. कडेच्या दगडासारख्या आणि अर्धगोल ऐरणीवर उंची कमी असते. हेल्मेट गरम करून, गार करून, भिजवूनही तपासतात. पट्टा किती ताण सोसतो ते पाहतात, टोपी डोक्यावरून निसटते का ते पाहतात, दोन्ही बाजूंना १०५ अंशांपर्यंत दिसतं का ते पाहतात. चांगलीच कसून केलेली तपासणी आहे. मात्र त्या धातूच्या डोक्याला घाम येत नाही. केस नाहीत. तास झाल्यावर कपाळ दुखत नाही. हेल्मेट सोसवत नाही म्हणून ते हँडलला अडकवून ठेवायची सोयही त्याला नाही. मानकात आरामाची चाचणी नाही.

म्हणजे आराम बाजारावर सोडला गेला. १९८५ मध्ये जिम जेन्ट्स या डिझायनरने कॅलिफोर्नियात जिरो कंपनी काढली आणि पुढच्या वर्षी बाहेरचं कडक कवचच काढून टाकलेलं हेल्मेट आणलं: नुसतं थर्माकोल, वरून ताणलेल्या कापडाची खोळ. वजन एकदम उतरलं. लोकांनी ते आनंदाने घातलं. पण उघडं थर्माकोल डांबरावर घसरत नाही, अडकतं आणि मानेला हिसका देतं. म्हणून १९९० च्या दशकात कागदासारखं पातळ प्लॅस्टिकचं कवच परत आलं, पुढे साच्यातच थर्माकोलशी एकजीव केलेलं. आज तुमच्या हातात येणारं हेल्मेट या तडजोडीचं अपत्य आहे.

जिरोला प्रसिद्धी मिळाली ती १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये. शेवटच्या दिवशी २४.५ किलोमीटरची वेळेविरुद्धची शर्यत. ग्रेग लेमाँड ५० सेकंदांनी मागे. त्याच्या डोक्यावर लांबट शेपटीचं हेल्मेट, हँडलवर पुढे झुकायचे दांडे. आघाडीवरचा लोराँ फिन्याँ उघड्या डोक्याने, मागे केसांची शेंडी उडतेय. लेमाँड एकूण आठ सेकंदांनी जिंकला. हेल्मेटमुळे की दांड्यांमुळे की पायांमुळे, हे आठ सेकंद कुणाला वाटून द्यायचे यावर सायकलवाले अजून वाद घालतात. एकाच वेळी दोन-तीन गोष्टी बदलल्या की कारण ठरवता येत नाही याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

शर्यतवाल्यांनी हेल्मेट वेगासाठी चालवून घेतलं, सुरक्षेसाठी मात्र नाही. १९९१ मध्ये जागतिक संघटनेने सक्ती आणायचा प्रयत्न केला तेव्हा पॅरिस–नीस शर्यतीत स्वारांनी विरोध केला आणि संघटनेला माघार घ्यावी लागली. १९९५ च्या टूरमध्ये फाबियो कासार्तेल्ली उतारावर पडून गेला, तरी नियम झाला नाही. मार्च २००३ मध्ये, पुन्हा पॅरिस–नीसमध्येच, आंद्रेई किव्हिलेव्ह गेला आणि मे महिन्यात सक्ती आली. तीही सवलतीसकट: शेवटचा टप्पा लांब चढाचा असेल तर चढ सुरू होताना हेल्मेट काढता येईल. का? उकडतं म्हणून! ती सवलत नंतर गेली. पण जगातल्या सर्वांत कणखर सायकलस्वारांनाही आरामाची अट घालावीशी वाटली होती, हे तिच्यातून नोंदलं गेलं.

आता संशोधनाच्या दृष्टीने सगळ्यात रसाळ भाग. 'हेल्मेट डोक्याची इजा ८५ टक्के कमी करतं' हे वाक्य तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. ते येतं कुठून? २५ मे १९८९ च्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मधून. थॉम्पसन, रिव्हारा आणि थॉम्पसन या तिघांनी सिॲटल परिसरातल्या पाच रुग्णालयांतून डोक्याला मार लागलेले २३५ सायकलस्वार घेतले. तुलनेसाठी दोन गट: त्याच रुग्णालयांत आलेले, पण डोक्याऐवजी दुसरीकडे लागलेले ४३३ जण, आणि एका आरोग्य योजनेचे सभासद असलेले, वर्षभरात सायकलवरून पडलेले ५५८ जण. डोक्याला लागलेल्यांपैकी ७ टक्क्यांनी हेल्मेट घातलं होतं. पहिल्या तुलनागटात २४ टक्के, दुसऱ्यात २३.

कागद-पेन घ्या. ७ ला ९३ ने भागा: ०.०७५. २४ ला ७६ ने भागा: ०.३१६. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की ०.२४ येतं. म्हणजे कच्चा हिशोब ७६ टक्के घट सांगतो. मग ८५ कुठून आले? लेखकांनी वय, लिंग, उत्पन्न, शिक्षण, सायकलचा अनुभव, अपघाताची तीव्रता हे सगळं गणितात धरलं तेव्हा गुणोत्तर ०.१५ झालं. त्याची विश्वास-मर्यादा ०.०७ ते ०.२९. म्हणजे खुद्द त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे घट ७१ टक्क्यांपासून ९३ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते. पोस्टरवर मात्र फक्त ८५ छापलं गेलं.

यात लबाडी नाही. अभ्यास त्या काळच्या मानाने चांगला आहे. अडचण तुलनेची आहे. १९८० च्या दशकात सिॲटलमध्ये हेल्मेट कोण घालत होतं? आपणहून, विकत घेऊन, सवयीने घालणारा माणूस. तो कदाचित बागेतल्या वाटेने जाणारा असेल, सावध असेल, गाड्यांच्या रस्त्यावर कमी जात असेल. गणितात उत्पन्न धरता येतं, स्वभाव कसा धरायचा? पुढे वॉशिंग्टनच्या सायकलस्वारांच्या एका संघटनेने सरकारी माहितीच्या गुणवत्तेच्या कायद्याखाली हरकत घेतली आणि २०१३ मध्ये दोन अमेरिकन केंद्रीय संस्थांनी आपल्या संकेतस्थळांवरून ८५ टक्क्यांचा दावा काढून टाकला. म्हणून हेल्मेट निरुपयोगी ठरलं का? अजिबात नाही. २०१७ मध्ये ऑलिव्हिए आणि क्रायटन यांनी ४० अभ्यास, ६४ हजारांहून जास्त जखमी सायकलस्वार एकत्र पाहिले. डोक्याच्या इजेची शक्यता ५१ टक्क्यांनी कमी, गंभीर इजेची ६९ टक्क्यांनी कमी. मोठा फायदा आहे. 'आकडा चुकला म्हणजे मुद्दा चुकला' ही उडी वादविवाद स्पर्धेत चालते, प्रबंधात नाही.

दुसरं टोक ऑस्ट्रेलियाचं. व्हिक्टोरिया राज्याने १ जुलै १९९० पासून सायकलवर हेल्मेट सक्तीचं केलं, जगात पहिल्यांदा. मार्च १९९० मध्ये ३१ टक्के लोक घालत होते, मार्च १९९१ मध्ये ७५ टक्के. डोक्याच्या इजा घटल्या. पण रस्त्यावर मोजलेली सायकलवरची किशोरवयीन मुलंही घटली. मग इजा घटल्या त्या हेल्मेटमुळे की सायकलीच कमी झाल्यामुळे? त्याच काळात तिथे वेग आणि दारूविरुद्धही कडक मोहिमा चालू होत्या, त्यांचा वाटा किती? तीस वर्षं दोन्ही बाजूंनी शोधनिबंध पडताहेत. मला स्वतःला वाटतं की या भांडणात ज्याची मोजणी कुणी नीट केली नाही ती गोष्ट म्हणजे त्या वेळचं हेल्मेट डोक्यावर कसं बसत होतं. पंधरा वर्षांच्या पोराने सायकल सोडली ती कायद्यामुळे, की त्या अवजड, घामट, मित्रांत हसं करणाऱ्या टोपल्यामुळे? हा प्रश्न विचारायला सोपा आहे, पण त्याची साधनं रुग्णालयाच्या नोंदवहीत मिळणार नाहीत. जाहिराती, शाळेची नियतकालिकं, मुलाखती असं वेगळंच काही शोधावं लागेल. घ्या कुणीतरी.

होलबोर्न आठवतोय? १९९६ च्या सुमारास स्टॉकहोममध्ये हान्स फॉन होल्स्ट हा मेंदूचा डॉक्टर आणि पीटर हाल्डिन हा अभियंता या दोघांनी फिरण्याच्या इजेवर काम सुरू केलं. त्यातून हेल्मेटच्या आत एक निसरडा पातळ थर आला. डोकं तिरकं आपटलं की हेल्मेट डोक्यावर १०–१५ मिलिमीटर सरकतं आणि हिसका थोडा कमी होतो. पिवळ्या ठिपक्याचं 'मिप्स' म्हणतात ते हेच. १९४३ चा निष्कर्ष दुकानात यायला साठ वर्षं लागली, कारण मानकातली चाचणी सरळ पाडण्याची होती, आणि जे मोजायचंच नसतं ते सुधारायचं कारणही नसतं. व्हर्जिनिया टेक विद्यापीठ २०१८ पासून सायकलची हेल्मेटं तिरकी पाडून त्यांना तारे देतं. त्या याद्या खुल्या आहेत. महाग हेल्मेट वर आणि स्वस्त खाली, असा क्रम त्यांत लागत नाही.

आता डोक्याच्या आकाराकडे येते, कारण आराम म्हणजे शेवटी तोच. चाचणीची धातूची डोकी ए, ई, जे, एम, ओ अशा मापांत येतात. घेर ५०, ५४, ५७, ६०, ६२ सेंटिमीटर. माप बदलतं, घडण साधारण तीच राहते. रॉजर बॉल या हेल्मेट डिझायनरच्या लक्षात आलं की पाश्चात्त्य साच्यावर केलेली हेल्मेटं आशियाई गिऱ्हाइकांना नीट बसत नाहीत. त्याने चीनमध्ये डोक्यांचं त्रिमितीय मोजमाप करून घेतलं. २०१० मध्ये छापलेल्या शोधनिबंधात त्याने आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की चिनी डोकी सरासरीने जास्त गोल असतात, कपाळ आणि मागची बाजू चपटी. 'एशियन फिट' नावाची हेल्मेटं आज मिळतात. पण आशिया म्हणजे चीन-जपान. आपलं डोकं त्यात कुठे बसतं?

आपली डोकी कुणी मोजलीच नाहीत असं नाही. भरपूर मोजली. वसाहतकाळात हर्बर्ट रिस्लेसारख्या अधिकाऱ्यांनी नाक आणि डोकी मोजून जातींची उतरंड लावायचा खटाटोप केला. १९५१ मध्ये इरावती कर्वे आणि वि. म. दांडेकर यांचं महाराष्ट्रातल्या शरीरमापनावरचं पुस्तक डेक्कन कॉलेजने काढलं. इरावतीबाईंची स्वतःची पीएच.डी. तर बर्लिनमधली, १९३० ची, आणि विषय काय, तर मानवी कवटीची असमानता! त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांची अपेक्षा होती की ही असमानता वंशाप्रमाणे बदललेली दिसेल. इरावतीबाईंना तसं दिसलं नाही आणि त्यांनी तसंच लिहिलं. गाईडच्या गृहीतकाविरुद्ध, परक्या देशात, परक्या भाषेत! पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांत त्यांचं नाव घेतात, पण मला त्यांचं हे धाडस जास्त मोठं वाटतं. वस्तू बेतण्यासाठी म्हणून भारतीय मापं एकत्र आली ती बऱ्याच उशिरा. राष्ट्रीय डिझाइन संस्थेचं देबकुमार चक्रवर्ती यांचं पुस्तक १९९७ चं. एका देशात डोकी आधी कशासाठी मोजली गेली आणि टोपीसाठी कधी, या दोन तारखांमधल्या अंतरात एक अख्खा प्रबंध दडलेला आहे.

तर मग दुकानात काय करायचं? कापडी टेपने भुवयांच्या वर घेर मोजा, पण त्यावर थांबू नका. ५७ चा घेर लांबट डोक्याचाही असतो आणि गोल डोक्याचाही. पट्टा न लावता हेल्मेट घाला. कपाळावर आणि मागे टोचतंय पण कानांच्या वर पोकळी आहे, तर ते हेल्मेट तुमच्यापेक्षा गोल डोक्यासाठी आहे. कानशिलं दाबली जाताहेत आणि पुढे-मागे मोकळं आहे, तर उलट. यावर मागची चकती आवळणं हा उपाय नाही, दुसरं मॉडेल बघणं हा उपाय आहे. कवटी कुणाचीच दोन्ही बाजूंनी सारखी नसते, म्हणून आतल्या गाद्या थोड्या इकडे-तिकडे लावता येतात का तेही पाहा. हेल्मेट कपाळावर आडवं, भुवयांच्या दोन बोटं वर. मागे कललेलं नको. तसं जास्त हवेशीर वाटतं, पण कपाळ उघडं पडतं. पट्ट्यांचा इंग्रजी व्ही कानाखाली जुळावा, हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील इतकीच ढील. मान हलवली तर भुवयांची कातडी हेल्मेटबरोबर हलायला हवी. मग दुकानदाराकडे दुर्लक्ष करून दहा-पंधरा मिनिटं ते घालून तिथेच उभे राहा. दोन मिनिटांत न जाणवलेला टोचा दहाव्या मिनिटाला जाणवतो. आत सीपीएससी किंवा ईएन १०७८ चं स्टिकर आहे ना बघा. आयएसआयचा आयएस ४१५१ हा मोटारसायकलच्या हेल्मेटचा क्रमांक, तो इथे शोधू नका. मिप्सचा थर असेल तर बरं, पण त्यासाठी न बसणारं हेल्मेट घेऊ नका.

वेणी किंवा अंबाडा घालत असाल तर तो घालूनच दुकानात जा. मागच्या चकतीखाली जागा आहे की नाही ते मोकळ्या केसांनी कळत नाही. आणि गाद्या सुट्या होतात का ते विचारा. आपल्याकडे डोक्याला तेल असतं, वर एप्रिलचा घाम. न निघणाऱ्या गाद्यांचा महिनाभरात असा वास येतो की हेल्मेट दारामागच्या खिळ्यावरच राहतं.